मोगलाईतली माणसे : एका नावाचे बदलत गेलेले अर्थ

'इथं काय मोगलाई लागून गेली काय?' हा सवाल महाराष्ट्रात कुठेही कानावर येतो. सरकारी कचेरीत फाईल सहा महिने हलली नाही, रेशनच्या दुकानदाराने मनमानी केली, ग्रामसभेत हिशेब न देताच सभा उठली, की कोणीतरी हे वाक्य टाकतोच. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी बाबर नसतो आणि औरंगजेबही नसतो. नियम धाब्यावर बसले, विचारणारा कोणी उरला नाही, एवढेच त्याला म्हणायचे असते. पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या जुन्या घरांना हा शब्द इतका मोकळेपणाने वापरता येत नाही. शेजारच्या इंग्रजी मुलखाने त्यांच्या गावांना, त्यांच्या सोयरिकींना आणि त्यांना स्वतःलाही हेच नाव लावले होते. ते मोगलाईतले होते.

एका राजवटीचे नाव तिच्या रयतेला कसे चिकटले, ते शिवी कधी झाले आणि रयतेने ते कसे झटकले, याचा हा आढावा आहे. मी मराठवाड्याच्या बाजूने लिहितो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात अगदी सरळ आहे. निजाम-उल्-मुल्क हा दिल्लीच्या बादशहाचा दख्खनचा सुभेदार. 11 ऑक्टोबर 1724 रोजी आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याजवळ त्याने आपला प्रतिस्पर्धी मुबारीझखान याचा पराभव केला आणि दख्खन आपल्या ताब्यात घेतली. तेव्हापासून तो व्यवहारात स्वतंत्रच होता, पण बादशहा म्हणून त्याने स्वतःची द्वाही कधी फिरवली नाही. त्याच्या वारसांची नाणीसुद्धा 1857 च्या उठावापर्यंत दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत. त्यामुळे मराठ्यांनी त्याला 'मोगल' म्हणावे यात चूक काहीच नव्हती. पेशवे दप्तरातल्या पत्रांत निझामाचा उल्लेख 'मोगल' किंवा 'नबाब' असाच येतो. 'मोगलांची फौज', 'मोगलांकडील वकील' असे शब्द वाचताना आजचा वाचक दिल्लीकडे पाहतो, पण लिहिणाऱ्याचे तोंड हैदराबादकडे असते. पेशवाईत जसे पेशव्यांचे राज्य, तशी मोगलाई म्हणजे मोगलांचे राज्य. एवढाच तो अर्थ होता, त्यात राग नव्हता आणि हेटाळणीही नव्हती.

या 'मोगला'शी झालेल्या लढाया आपल्याच अंगणातल्या आहेत. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निझामाला कोंडीत धरले आणि सुमारे 60 लाखांचा मुलूख सोडायला लावला. त्याच विजयानंतर भाऊ उत्तरेकडे निघाले आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. उदगीरचा किल्ला आजही लातूर जिल्ह्यात उभा आहे. पुढे 1763 मध्ये गोदाकाठी राक्षसभुवनला, 1795 मध्ये खर्ड्याला पुन्हा याच दोन फौजा भिडल्या. पण ही मराठे विरुद्ध मुसलमान अशी सरळ रेघ नव्हती. निंबाळकरांचे रावरंभा घराणे, चंद्रसेन जाधव यांच्यासारखे नामांकित मराठे सरदार निझामाच्या पदरी होते. रावरंभांनी बांधलेला करमाळ्याचा किल्ला आज सोलापूर जिल्ह्यात आहे. उलट पानिपतावर तोफा चालवणारा इब्राहिमखान गारदी निझामाकडून पेशव्यांकडे आला होता. गावोगावचे देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी तर मराठीच होते. मोगलाई हे धर्माचे नाव नव्हते, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. आज हा शब्द कोणी त्या अर्थाने फिरवू लागला, तर त्याला इतिहासाचा आधार मिळणार नाही.

या शब्दाचे सर्वांत गुंतागुंतीचे आयुष्य मात्र रणांगणावर नव्हे, चोपड्यांत गेले. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य अशा तीन सनदा घेऊन आले. 'स्वराज्य' म्हणजे शिवाजी महाराजांच्या वेळचा मूळ मुलूख. दख्खनच्या उरलेल्या सहा मोगली सुभ्यांत मराठ्यांना वसुलाचा वाटा घेण्याचा हक्क मिळाला. सरदेशमुखीचे दहा टक्के आणि वसुलाचा चौथा हिस्सा ही चौथाई. यातून एकाच गावावर दोन सरकारे बसली. गावच्या कुलकर्ण्याला एका वसुलाच्या दोन बाजू मांडाव्या लागत. चौथाईच्या पोटात बाबती, मोकासा, साहोत्रा, नाडगौडा असे तुकडे पडत आणि मोगलांकडे जाणारा मोठा वाटा ज्या सदराखाली लिहिला जाई ते सदर म्हणजे 'मोगलाई'. मोगलाई ही तेव्हा भूमी होती आणि हिशेबातली बाबही होती. मुलूख पेशव्यांकडे आल्यावरसुद्धा ही सदरे पुसली गेली नाहीत. मोगल गेला, पण त्याच्या नावाचा वाटा चोपडीत तसाच राहिला आणि तो आता दुसराच कोणी खाऊ लागला.

हा हिशेब इंग्रजी वाचकांना उलगडून सांगणारा माणूस होता जेम्स ग्रांट डफ, साताऱ्याचा इंग्रज सरकारचा प्रतिनिधी आणि 1826 साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासाचा कर्ता. तो जन्माने स्कॉटलंडचा, बॅन्फ गावचा. त्याच्या देशबांधवांच्या टोपणनावाकडे मी थोड्या वेळाने येतो, कारण आपल्या प्रश्नावर त्या नावाने बराच उजेड पडतो.

1818 मध्ये पेशवाई संपली. 1822 च्या तहाने निझामाची चौथाईतून सुटका झाली आणि सरहद्दीवरच्या मुलखांची अदलाबदल झाली. चोपडीतली मोगलाई हळूहळू मिटली आणि नकाशावरची मोगलाई पक्की झाली. आता एका बाजूला मुंबई इलाखा, म्हणजे नगर आणि सोलापूर हे इंग्रजी जिल्हे, आणि दुसऱ्या बाजूला निझामाचे राज्य. हद्द कुठे ओढ्यातून गेली, कुठे दोन शेतांच्या बांधावरून. बार्शी तालुका इंग्रजांचा, त्याच्या पलीकडचे धाराशिव आणि लातूर निझामाचे. खाली पंढरपूरची वारी दोन्हीकडची, खंडोबा आणि तुळजाभवानी दोन्हीकडची, सोयरिका दोन्हीकडच्या. फक्त अंमल वेगळा. बार्शीकडच्या जुन्या बायका 'लेक मोगलाईत दिली' असे म्हणत, आणि त्यात अंतरापेक्षा काळजीच जास्त असे.

ही हद्द माणसाला रोजच्या जगण्यात कुठे भेटे, हे पाहायचे तर लातूरच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर बसून पाहावे. त्याच्या गल्ल्यात दोन प्रकारचे रुपये असत. निझामाचा तो 'हाली' रुपया आणि इंग्रजांचा तो 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा भाव पोरासोरांना पाठ असे. शंभर कलदार मोजायचे तर 116 रुपये 10 आणे 8 पै हाली द्यावे लागत. बार्शीचा अडत्या भाव कलदारात सांगे, लातूरचा शेतकरी हालीत मोजे, आणि मधल्या फरकात बट्टा कापणारा आपली पोळी भाजून घेई. माल हद्दीवर आला की करोडगिरीचा नाका, म्हणजे निझामाचे जकात खाते. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी लातूरपर्यंत आली, तेव्हा सरकी, गूळ, धान्य सगळे याच रुळांवरून जाऊ लागले, पण नाका सुटला नाही. तिकडे नांदेडचे तोंड दुसरीकडे होते. मनमाड-सिकंदराबाद मार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून गेला आणि नांदेड सरळ हैदराबादशी जोडले गेले. लातूरकराला मोगलाईपणाची आठवण बार्शीच्या वाटेवर होई, नांदेडकराला पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडकडे जाताना होई. दोघांच्या अनुभवातला हा फरक आजही त्यांच्या बोलण्यात दिसतो, लातूर पुण्या-मुंबईकडे पाहते आणि नांदेडच्या बोलण्यात हैदराबाद अजून जवळचे असते.

आता मुख्य प्रश्न. राज्याचे आणि मुलखाचे साधे नाव शिवी कसे झाले?

पहिले कारण खरे आहे, ते झाकून चालणार नाही. निझामी राज्यात जमिनीचा मोठा भाग सरकारच्या थेट कारभाराखाली नव्हताच. सुमारे चाळीस टक्के मुलूख जहागिरी, पायगा आणि निझामाच्या खाजगीतल्या सर्फ-ए-खासमध्ये वाटला गेला होता. जहागिरीच्या गावात दाद मागायची ती जहागिरदाराकडे, आणि तक्रारही बहुधा त्याच्याविरुद्धच असायची. कचेरीची आणि अदालतीची भाषा उर्दू. शेतकऱ्याच्या नावावरचा कागद त्याला वाचता येत नसे. सभा भरवायची तर 'गश्ती निशान 53' या हुकुमाने आधी परवानगी घ्यावी लागे. खाजगी शाळा काढायची तरी परवानगी. वेठबिगार होतीच. जहागिरी संपल्या त्या थेट ऑगस्ट 1949 मध्ये, म्हणजे निझामाची सत्ता गेल्यावर.

दुसरे कारण हद्दीचे. दोन अंमल शेजारी असले की एकाचा गुन्हेगार दुसऱ्याकडे आसरा शोधतो. इंग्रजी पोलिसाच्या दृष्टीने मोगलाई म्हणजे हातातून निसटलेल्या माणसाचा मुलूख. पण तोच मुलूख क्रांतिकारकाला आशेचा वाटे. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके रोहिल्यांची जमवाजमव करायला निझामाच्या राज्यातच गेले होते.

तिसरे कारण लोक सहसा बोलत नाहीत. इंग्रजी मुलखातल्या शिकलेल्या माणसाला आपल्या गुलामीला बरे म्हणायला एक शेजारी हवा होता. पलीकडे मोगलाई आहे, आपल्याकडे निदान कायदा आहे, असे म्हटले की कलेक्टरच्या राज्यातही समाधान मिळे. प्रत्यक्षात निझामाच्या राज्यातही सगळा अंदाधुंद कारभार नव्हता. 1853 पासून तीस वर्षे दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगाने जिल्हे आखले, पगारी अधिकारी नेमले. मराठवाड्यातली जमीन मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीवरच झाली. जिल्ह्याचा 'अव्वल तालुकदार' हा इंग्रजी कलेक्टरचाच जोडीदार होता. आणि इंग्रजी कायद्याच्या राज्यातही 1876-78 च्या दुष्काळात सोलापूर, नगरची माणसे अन्नान्न करीत मेली. सुराज्य आणि मोगलाई अशी काळी-पांढरी वाटणी करणाऱ्याने दोन्ही बाजूंचे दप्तर वाचलेले नसते.

तरीही राजवटीला शिवी दिली असती तर माझी तक्रार नव्हती. वाईट हे झाले की शिवी राजवटीपाशी थांबली नाही. ती रयतेवर घसरली. मोगलाईतला माणूस म्हणजे अडाणी, दबलेला, हांजी हांजी करणारा, मराठी धड न बोलणारा, अशी एक प्रतिमा तयार झाली. 'येऊलालो', 'करूलालो' अशी क्रियापदे आणि रुमालाला 'दस्ती' म्हणणे ही त्या प्रतिमेची खूण ठरली. ज्याने त्या राज्याचा जाच सोसला, त्यालाच त्या राज्याच्या नावाने हिणवणे हा अन्याय आहे, आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे.

जगात हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्रज लोक स्कॉटलंडच्या माणसाला अठराव्या शतकात 'सॉनी' म्हणत. अलेक्झांडर या तिकडच्या लाडक्या नावाचे ते बिघडवलेले रूप. त्या नावाच्या भोवती दरिद्री, हावरट, लंडनमध्ये नोकऱ्या बळकावायला आलेला असा माणूस व्यंगचित्रांतून उभा केला जाई. सॅम्युएल जॉन्सनने आपल्या 1755 च्या शब्दकोशात ओटचा अर्थ देतानासुद्धा स्कॉटलंडला चिमटा काढला, कारण इंग्लंडमध्ये जे घोड्यांचे खाणे ते तिकडच्या माणसांचे. ज्वारीच्या भाकरीवरून हिणवलेल्या आपल्या माणसाला हा चिमटा चटकन कळेल. पुढे 'सॉनी' मागे पडले आणि 'जॉक' आले. हे जॅक या नावाचे स्कॉटिश रूप. ते पलटणींत रुजले आणि तिथे त्याचा अर्थ उलटला. स्कॉटिश पलटणींतले शिपाई स्वतःला जॉक म्हणवून घेऊ लागले, त्यांचे अधिकारी त्यांना प्रेमाने जॉक म्हणू लागले, आजही म्हणतात. पण तेच नाव बाहेरच्या माणसाने दारूच्या गुत्त्यात फेकले तर ते अजूनही झोंबते. कोण म्हणतो, कुठे म्हणतो, बरोबरीने म्हणतो की वरून म्हणतो, यावर त्या नावाचा अर्थ ठरतो.

स्कॉट लोकांनी ते नाव अंगावर घेऊन स्वतःचे केले. मोगलाईतल्या माणसांनी तसे केले नाही, आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे. 'जॉक' हे त्यांच्याच घरातल्या मुलाचे नाव होते. 'मोगलाई' हे दुसऱ्याच्या सत्तेचे नाव होते, ते अभिमानाने कसे मिरवणार? मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी स्वतःसाठी वेगळे नाव पुढे आणले, आणि ते नाव म्हणजे मराठवाडा.

हा शब्द त्यांनी नवा घडवला नाही. निझामाच्या खानेसुमारीतच राज्याचे 'तेलिंगण' आणि 'मराठवाडी' असे दोन भाग पाडलेले असत, आणि गुलबर्गा-रायचूरकडचा कन्नड मुलूखही दुसऱ्या भागातच धरला जाई. सरकारी कागदातल्या या विभागाच्या नावात प्राण भरला तो विसाव्या शतकातल्या माणसांनी. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा यांतून मराठी माध्यमाचा विचार वाढला. आ. कृ. वाघमारे यांनी आपल्या पत्राचे नावच 'मराठवाडा' ठेवले. निझाम सरकार बंदी घाली आणि ते पुन्हा वेगळ्या नावाने निघे. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्माआधीच बंदी आली, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मोगलाईतला दबलेला माणूस म्हणून ज्यांची टिंगल झाली, ती हीच माणसे.

1947-48 मध्ये तर हद्दीचा अर्थच पालटला. निझामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या जाचातून सुटायला गावेच्या गावे हद्द ओलांडून इंग्रजी, म्हणजे आता स्वतंत्र भारताच्या मुलखात आली. नांदेडकडची माणसे उमरखेडला जमली, लातूर-धाराशिवकडची बार्शीच्या आसपासच्या छावण्यांत. याच छावण्यांतून सशस्त्र लढा चालला. नांदेड जिल्ह्यातल्या उमरी येथील बँकेवरचा प्रसिद्ध छापा 30 जानेवारी 1948 चा, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशीचा. 17 सप्टेंबर 1948 रोजी निझामाची फौज शरण आली आणि मोगलाई नावाचे राज्य खऱ्या अर्थाने संपले. पेशवाई जाऊन तेव्हा 130 वर्षे झाली होती.

या सगळ्यात मला एका गोष्टीचे विशेष वाटते. मोगलांच्या इतिहासाचे फारसी कागद मराठीत आणण्याचे मोठे काम ज्यांनी केले ते सेतुमाधवराव पगडी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे. 1910 चा त्यांचा जन्म. मोगल दरबाराची बातमीपत्रे त्यांनी मराठी वाचकापुढे ठेवली ती निझामी राज्यातल्या शिक्षणाने त्यांच्या हाती आलेल्या उर्दू-फारसीच्या बळावर. ज्या शिक्षणाला पलीकडे मोगलाई म्हणून नाक मुरडले जाई, त्यातूनच मोगल समजावून सांगणारा हा अभ्यासक घडला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे आणि पुढे त्याचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर यांनी हैदराबादच्या मुक्तिलढ्याकडे हिंदू-मुसलमानांच्या भांडणाच्या चष्म्यातून पाहायचे नाकारले. राजवट आणि जमात यांच्यातला फरक त्यांनी जितक्या ठामपणे मांडला तितका क्वचितच कोणी मांडला असेल. या दोघांची पुस्तके शेजारी ठेवून वाचली की मोगलाई शब्दाचा गुंता पुष्कळसा सुटतो.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या वेळी बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके इकडे आले, नांदेडचा मुधोळ तालुका आंध्रात गेला, आदिलाबादचा किनवट नांदेडला मिळाला. मोगलाईच्या जुन्या मुलखाचे असे तीन भाषांत तुकडे झाले. कर्नाटकातल्या आणि तेलंगणातल्या भागांना पुढे त्यांची त्यांची नावे मिळाली. मराठी मुलखात मोगलाई हा शब्द आता जागेसाठी कोणी वापरीना, तो फक्त म्हणीपुरता राहिला. पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. 'मागास' हे विशेषण तिथे येऊन बसले. 1953 च्या नागपूर कराराने समतोल विकासाचे वचन दिले होते, 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालाने अनुशेष मोजून दाखवला, 1994 मध्ये विकास मंडळ आले. सिंचन, रस्ते, वीज यांतली तूट दाखवायला मागास हा शब्द आवश्यकच होता. मराठवाड्याच्या नेत्यांनी स्वतः तो हक्काने वापरला. पण वापरता वापरता तो प्रदेशावरून माणसावर घसरला, अगदी मोगलाईसारखाच. 1993 चा किल्लारीचा भूकंप, 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे, या दोन चित्रांनी तर बाहेरच्या लोकांच्या मनात कायमची कणव बसवली. कणव ही हेटाळणीपेक्षा बरी, पण बरोबरीची ती नव्हे.

मुंबईत यात आणखी एक नाव मिसळते, ते 'घाटी'. कोकण, मुंबई आणि गोव्यातल्या लोकांनी सह्याद्रीच्या वरच्या अंगाच्या माणसाला दिलेले हे नाव. साताऱ्याचा गिरणी कामगार, पुण्याचा हमाल आणि लातूरचा बांधकाम मजूर तिथे एकाच नावात बसतात. पुण्या-नगरची माणसे मराठवाडेकराला खालचा समजत आणि मुंबईत स्वतःच घाटी ठरत. संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयाला मात्र सगळा मराठवाडा 'घाटी'च म्हणतो आणि त्या नावात आजही भरवसा आहे. एकच शब्द एका गावात अपमान आणि दुसऱ्या गावात आधार होऊ शकतो तो असा.

अंगावर लादलेले नाव उलटवून दाखवणारे एक उदाहरण लातूरनेच दिले आहे. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हे नाव दिले. त्यांच्या पाथरूट समाजाला दिलेली ती शिवी, आणि तिच्यामागे 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा होता. पुस्तक 1987 चे, त्याला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठवाड्याला जे नाव टाकून द्यावे लागले त्याची गोष्ट वेगळी आणि या समाजाची वेदना कितीतरी खोल, पण वाचणाऱ्याला मान खाली घालायला लावून एका शिवीचा हिशेब चुकता केला तो या लेखकाने.

शिक्षणाने तिसरी वाट दाखवली. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर गेले आणि आता नांदेडही त्याच वाटेवर आहे. एकेकाळी लेक मोगलाईत द्यायला भिणाऱ्या जिल्ह्यांतले पालक आज पोराला बारावीसाठी लातूरला ठेवतात. त्या शिकवणी-संस्कृतीच्या ताणाबद्दल स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, पण गावाचे नाव ऐकल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात काय येते, हे मात्र तिने बदलले. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे आणि त्याची स्थापना 17 सप्टेंबरची, 1994 सालची, हेही या संदर्भात आठवावे. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आमची पोरे आता खोलीत आणि मंचावरही 'करूलालो' मोकळेपणाने बोलतात. ही मोठी गोष्ट आहे.

आणि मोगलाई? तरुण मुलांना हा शब्द हॉटेलच्या पाटीवर 'मुघलाई' म्हणून भेटतो आणि त्यांच्या मनात बिर्याणी येते. पण त्या काळाने एका नव्या नावाने परत डोके वर काढले आहे. ते नाव म्हणजे 'निझामकालीन नोंदी'. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी उर्दू आणि मोडी दप्तरे उघडली गेली. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याची पद्धत ठरवली. त्यावर वाद आहेत, ओबीसी समाजाचे आक्षेप आहेत, न्यायालये त्याचा निवाडा करतील. मला इथे दिसते ते एवढे, की ज्या राजवटीचे कागद बिनकामाचे समजले गेले, त्या कागदांसाठी आज लोक तहसीलच्या दारात रांगा लावतात, आणि उर्दू वाचणारी म्हातारी माणसे शोधत फिरतात.

माझे मत स्पष्ट आहे. राजवटीसाठी, चोपडीतल्या सदरासाठी, जुन्या नकाशासाठी मोगलाई हा शब्द जरूर वापरावा, तो तिथे अचूक आहे. अंदाधुंद कारभारावर टीका करतानाही कोणाला तो वापरायचा असेल तर वापरू द्या. पण नांदेडच्या किंवा लातूरच्या माणसासाठी तो वापरू नये, थट्टेतही नाही. ज्यांनी मोगलाई संपवली त्यांच्या नातवंडांना मोगलाईतले म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही.

आणि एक विनंती. कंधार, देगलूर, औसा, उदगीर, निलंगा या भागांत अजून अनेक घरांच्या माळ्यावर ट्रंका आहेत. त्यांत हाली रुपयांतली खरेदीखते, करोडगिरीच्या पावत्या, 'मु. पो. अमुक, मोगलाई' असा पत्ता घातलेली जुनी पत्रे असतील. त्यांना वाळवी लागण्याआधी त्यांची छायाचित्रे काढा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात, जमल्यास नांदेडच्या विद्यापीठात द्या. घरात नव्वदीतले आजी-आजोबा असतील तर त्यांना हा शब्द कोणाच्या तोंडून, कोणत्या सुरात ऐकला ते विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा. हे काम याच पिढीत व्हायला हवे, कारण तो सूर ऐकलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत.